शेवट नसलेलं पुस्तक

माझा नवरा मुकुल भांडताना आवाज चढवत नाही, चहा ढवळत बसतो. साखर केव्हाच विरघळलेली असते, हा आपला ढवळतोय. मार्चमधल्या एका रविवारी तो असाच ढवळायला लागला आणि मी ओळखलं, आज काहीतरी निघणार.

"अनु, गंधालीला जूनमध्ये शाळेत घालू या," तो म्हणाला. "इथेच पार्ल्यात एका शाळेत बोलून ठेवलंय मी. सहावीत घेतायत. एप्रिल संपायच्या आत हो की नाही ते सांगायचंय."

"बोलून ठेवलंस? मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू ओरडली असतीस."

"मग आता काय ओव्या गातेय?"

गंधाली, आमची अकरा वर्षांची एकुलती एक, गॅलरीत बसली होती. दार उघडंच होतं. थोड्या वेळाने ती पोट धरून आत आली आणि म्हणाली, "आई, दुखतंय." हे दुखणं मी चांगलं ओळखते. चौथीत असताना रोज सकाळी दप्तर भरायच्या वेळी दुखायचं आणि रविवारी गायब व्हायचं. शाळा सोडल्यापासून ते पहिल्यांदाच आलं होतं.

ती वाचते सावकाश. एकेका शब्दावर थांबते, मागे जाते, परत पुढे येते. शाळेत धडा उभं राहून वाचायला लावायचे आणि ही पहिल्याच ओळीत असताना मागच्या बाकांवर खुसखुस सुरू व्हायची. बाई काही दुष्ट नव्हत्या. पण वर्गात एवढी पोरं, त्या तरी किती थांबणार? "बस खाली, पुढची वाच," म्हणायच्या. वर्षभरात माझी बडबडी पोरगी शाळेत तोंड उघडेनाशी झाली. मग मी तिला काढलीच. सासर-माहेर दोन्हीकडून माझा यथेच्छ उद्धार झाला. होऊ दे. तेव्हापासून सकाळी गणित-विज्ञान माझ्याबरोबर आणि दुपारी जेवणानंतर तिचं तिचं वाचन. त्या वेळात तिला काहीही विचारायचं नाही, असा आमचा नियम. तो पाळताना माझ्या जिभेला फोड यायचे बाकी होते.

आमच्यासारख्या घरी शिकणाऱ्या मुलांचा एक गट आहे. बोरिवलीची शर्मिष्ठा तो चालवते आणि दर एप्रिलमध्ये तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पुस्तकजत्रा भरवते. प्रत्येक मुलाने एक पुस्तक आपलं आपण वाचायचं आणि त्यावरून काहीतरी करून आणायचं. कुणी नकाशा आणतं, कुणी बाहुल्या, कुणी नाटुकलं करतं. नियम एकच, आईबापांनी हात लावायचा नाही.

"ठीक आहे," मुकुल म्हणाला. "तिने एक अख्खं पुस्तक वाचलंय हे त्या जत्रेत दिसलं तर मी शाळेला नाही कळवतो. पण तू सांगून चालणार नाही. तुला तिचं सगळं झकासच वाटतं. घरचं सोडून बाहेरच्या कुणीतरी म्हणू दे, की ही मुलगी वाचते म्हणून."

"म्हणतील. घोडामैदान जवळच आहे," मी म्हटलं. 

पुस्तक तिने स्वतःच निवडलं, आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या वाचनालयातून. तिथला सगळा कारभार लवूकाकांच्या हातात. मूळचे मालवणकडचे, तोंडाने फटकळ, पुस्तकांवर जीव. पुस्तक उसवलं की स्वतः दाभण आणि जाड दोरा घेऊन बसतात आणि असं आवळून शिवतात, की उघडायला दोन माणसं लागावीत. शिवणीजवळचे शब्द आत गडप. सभासद कुरकुरतात, काका ढिम्म. सभासदही काही कमी नाहीत. पुस्तक वाचून झालं की मागच्या पानावर पेन्सिलीने शेरे मारतात. 'जरूर वाचा.' त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'वेळ फुकट.' त्याच्याखाली तिसरा, 'मग कशाला वाचलंत?' गंधालीला हे बिलकुल खपत नाही. "पुस्तकात लिहायचं नसतं," ती दरवेळी म्हणते.

तिने आणलेलं पुस्तक जुनं होतं, काकांच्या शिवणीचं. खाडीकाठच्या दोन भावंडांची गोष्ट. आजोबांची मोडकी हिरवी होडी ती दोघं दुरुस्त करतात आणि आजोबांना पलीकडच्या गावी त्यांच्या बहिणीला भेटवायला निघतात. एवढं मला मलपृष्ठावरच्या मजकुरावरून कळलं. बाकी मी वाचलं नाही. नियम!

एप्रिल उजाडला. मी एकदा न राहवून विचारलंच, "संपलं का गं?"

"संपत नाही ते," ती म्हणाली आणि पुन्हा कागदांत डोकं घालून बसली. काय लिहितेस म्हटलं तर हाताने झाकलं. चार दिवसांनी परत विचारलं, तर पुस्तक वाचनालयात परत करून आलेली! "अगं, पण संपलं का?" "नाही ना. शेवटच नाही त्याला."

झालं. मी कपाळावर हात मारला. अर्धवट सोडलंन् वाटतं, आणि वर ही कारणं. रागावून उपयोग नव्हता, लगेच पोट दुखलं असतं. मग मी मुंबईतली कुठलीही आई करते तेच केलं. स्टेशनजवळच्या स्टेशनरीवाल्याकडून थर्माकोल आणला, निळा जिलेटिन पेपर आणला, हिरवा रंग आणला. चौथीपर्यंत गंधालीचे सगळे प्रोजेक्ट मीच केलेत. किल्ला, ज्वालामुखी, सूर्यमाला, काही विचारू नका. प्रत्येकाला छान शेरा मिळालाय, मला. एका दुपारी मी फक्कड खाडी केली आणि तिच्यात हिरवी होडी बसवली. गंधालीने ती बघितली आणि म्हणाली, "ही तुझी आहे ना?"

"आपली आहे," मी म्हटलं.

जत्रेला मुकुल सुट्टी टाकून आला. हॉल मुलांनी भरलेला. एका मुलीने कापडावर गोष्ट शिवली होती, एकाने खोक्याचं नाटकघर केलं होतं. गंधालीचं नाव पुकारलं आणि ती हात हलवत पुढे गेली. रिकामे हात. मी घाईघाईने पिशवीतून खाडी काढून तिच्यासमोर टेबलावर ठेवली. लोक "वा!" म्हणाले.

"हे आईने केलंय," गंधालीने स्पष्ट सांगितलं.

सगळे हसले. मी धरणी दुभंगायची वाट बघत उभी. शर्मिष्ठाने सांभाळून घेत विचारलं, "मग तू काय केलंस, गंधाली?"

"पुस्तकाला शेवटची पानं नव्हती. मी लिहिली."

"अरे वा! कुठायत?"

"पुस्तकात चिकटवली. पुस्तक वाचनालयात आहे."

"मग आणलं का नाहीस?"

"ते माझं नाहीये," ती म्हणाली आणि खाली येऊन बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, रिकाम्या हातांनी आलेल्या मुलाला वाजवतात तशा. मला टाळ्यांतला फरक कळतो. तिलाही कळला असावा.

घरी येताना मुकुल एकच वाक्य बोलला, "सोयीचं आहे हं हे, पुस्तकच जवळ नसणं."

माझं डोकंच सणकलं. पोरगी खोटं बोलत नाही, एवढं तरी त्याला ठाऊक असायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला अक्षरशः ओढत वाचनालयात नेलं.

"ता पुस्तक भायर गेला हा," लवूकाका म्हणाले. "शेवटची पानां नाय म्हणून मी ता रद्दीत घालूचा ठरवलेलंय. तुमच्या चेडवान ऐकला नि रडाक लागला. मग चार दिवसांनी पानां लिहून घेऊन इला. माझ्याकडचा डिंक घेतल्यान नि बसान चिकटवल्यान. म्हटलां, ऱ्हवूदे कपाटात."

"पाहिलंस?" मी मुकुलला म्हटलं. खरं तर मलाही हे आत्ताच कळत होतं. रद्दीतून वाचवायला म्हणून ती लिहीत बसली होती, आणि तिने पुस्तक सोडलं समजून मी थर्माकोल कापत बसले.

मुकुल जागचा हलला नाही. "काका, तिने काय लिहिलंय ते वाचलंत तुम्ही?"

"मी पुस्तकां दितंय. वाचूक वेळ खंय?"

"म्हणजे पानं चिकटवली हे नक्की. पुस्तक वाचलंय का, ते कुणालाच माहीत नाही."

पुस्तक कुणाकडे गेलंय ते काका सांगेनात. सभासदाचं नाव सांगायचं नसतं म्हणे. मग मी रोज भाजीच्या निमित्ताने वाचनालयात डोकावायला लागले. काका लांबूनच मान हलवायचे. इकडे मुकुलने शाळेला सोमवारी येतो म्हणून कळवून टाकलं. गंधाली जेवणात नुसता भात चिवडायची. एकदा मला म्हणाली, "आई, तिथे पण उभं राहून वाचायचं असेल ना?" मी नाही म्हणू शकले असते. पण खोटं तिला चालत नाही, आणि खरं माझ्याच्याने बोलवेना. मी तिच्या केसांतून हात फिरवत बसले.

शनिवारी संध्याकाळी काकांचा फोन आला. "पुस्तक इला."

आम्ही तिघंही गेलो. काकांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. मुकुलने ते मागून उघडलं. छापील पानं जिथे संपत होती तिथे गंधालीचं मोठं, गोल अक्षर सुरू होत होतं. ओळी थोड्या वर चढलेल्या. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. भावंडं खाडीच्या मधोमध अडकतात, ओहोटी लागते, आणि आजोबांची बहीण पलीकडच्या काठावरून नातवंडांना नाही, होडीला ओळखते, तिच्या आवाजावरून. होडी निळी झालीय म्हणून आधी चुकते, मग वल्ह्याची करकर ऐकून पाण्यात उतरते. माझे डोळे भरून आले, लपवायचं काय त्यात!

आणि मग तिच्या मजकुराखाली, पेन्सिलीने, एक टोकदार, जुन्या वळणाचं अक्षर:

'शेवट लिहिणाऱ्याने पुस्तक नीट वाचलेले दिसत नाही. होडी हिरवी आहे. निळी नव्हे.'

मला वाटलं, संपलं. बाहेरच्या माणसाने म्हणायला हवं होतं ना, म्हटलंन्! माझ्या थर्माकोलच्या खाडीतली होडीसुद्धा हिरवीच होती की. मुकुलने पुस्तक गंधालीपुढे सरकवलं. त्याचा चेहरा मात्र जिंकलेल्या माणसाचा नव्हता. त्यालाही ते लागलं होतं.

गंधालीने शेरा वाचला. ओठ हलवत, सावकाश. 'नव्हे'पाशी थांबली, मागे गेली, परत वाचला. आम्ही तिघं मोठी माणसं उभी. मग तिने मान वर केली. पोट धरलं नव्हतं. चिडली होती.

"यांनीच नीट नाही वाचलं," ती म्हणाली. "आजोबा तापाने पडतात ना, त्याच्या आधीच्या पानावर आहे. हिरवा रंग पुरत नाही, मग ती दोघं देवळाच्या दाराचा उरलेला रंग मागून आणतात. निळा."

मुकुलने पानं मागे उलटली. तापाचं पान सापडलं, त्याच्या आधीचं काढलं. बोट ठेवून वाचत गेला. "इथे नुसतं 'देवळाच्या दाराचा रंग उरलेला, पण तो' आहे. पुढे 'होता'. निळा कुठाय?"

"शिवणीत गेलाय. ताण ना, बाबा. अजून. दोन्ही अंगठे लाव."

त्याने दोन्ही अंगठे लावून पान दाबलं. काका "शिवण उसवशात!" म्हणून ओरडले. दोऱ्याच्या पार मुळाशी, अर्धा अंधारात, तो शब्द होता. निळा.

"तुला कसा दिसला?" मुकुलने विचारलं.

"वाक्य लागत नव्हतं. मग मी थांबले."

तो पुस्तक तसंच ताणून धरून उभा राहिला. मग एकदम खाली बसला आणि तिच्या उंचीला आला. "सोमवारी मी त्यांना नाही म्हणून सांगतो, गंधू. तू घरीच वाच. कितीही सावकाश वाच."

"नक्की?"

"नक्की."

माझा जीव भांड्यात पडला. मी त्याला दोन शब्द सुनावणार होते, बरेच दिवस साठवलेले. ते राहूनच गेले.

लवूकाकांनी कानामागची पेन्सिल काढून गंधालीसमोर धरली. "घे गो. लिही त्येका उत्तर, बराच खरमरीत."

"पुस्तकात लिहायचं नसतं," ती म्हणाली. तिने त्यांच्याकडून एक कोरी चिठ्ठी मागून घेतली, टेबलावर वाकून सावकाश लिहिली आणि मागच्या शेऱ्यापाशी नीट खोचून ठेवली. आधी तापाच्या आधीच्या पानाचा आकडा होता, आणि त्याच्याखाली एवढंच: 'घाई करू नका. ताणून बघा.'