सोफ्यावरचे टक्कल

रुक्माबाईंच्या भिलाईतल्या खुर्सीपार वस्तीतल्या घरात कोणताही कपडा थापीखाली गेल्याशिवाय स्वच्छ ठरत नसे. कारखान्याची काळी धूळ साबणाच्या फेसाला भीक घालत नाही, तिला धोपटायला लाकडी थापीच लागते, हा त्यांचा सिद्धान्त. आणि त्यांच्या सिद्धान्ताला आव्हान देण्याची त्या घरात प्रथा नव्हती.

सून रीना हिने पावर हाउस भागातल्या बाजारातून सोफ्यासाठी शेनीलचे कव्हर आणले होते. मोरपंखी रंगाचे, दाट लवीचे, मांजराच्या पाठीसारखे मऊ. आपली नणंद दुर्गाबाई नागपूरहून येणार, म्हणून रुक्माबाईंनी ते धुवायला काढले.

"आई, हे उलटं करून थंड्या पाण्यात हलक्या हातानं धुवा लागते," रीना म्हणाली. "पिळू नका, तारेवर टांगू नका. सावलीत सपाट पसरवा लागते. चिठ्ठीवर लिहून आहे."

"चिठ्ठी लिहिणाऱ्यानं भिलाईची धूळ पाह्यली काय? मी दुर्गाले फोनवर सांगून बसली, या घरचं धुणं मायाच हातचं. तू कणीक भिजव."

थापी पडली. कव्हर पिळले गेले, तारेवर लोंबले आणि वाळले तेव्हा एका अंगाने हातभर वाढले होते. वाढलेले सोफ्याखाली कोंबता आले. परंतु मधोमध, जेथे थापी मनापासून पडली होती, तेथली लव झडून तळहाताएवढे टक्कल पडले होते. ते कोठे कोंबणार? रीनाने पाहिले आणि ती पोळ्या लाटायला निघून गेली. तेच रुक्माबाईंना फार लागले.

दुर्गाबाईंचा ऑटो दारात थांबला, तशा रुक्माबाई त्या टकलावर बसल्या. 'जय भीम'ही त्यांनी बसूनच घातला.

"वयनी, गुडघे धरले काय?"

"माये गुडघे लोखंडी हायेत."

"मंग उठून कावून नाही राहिली?"

"आराम करून राहिली. सून हाय ना कामाले."

दुर्गाबाईंनी कव्हरवरून हात फिरवला. "मऊ हाय. म्या बी असंच आनलं, पन धुवाची हिंमत होत नाही."

"हिंमत लागते," रुक्माबाई गंभीरपणे म्हणाल्या आणि जरा पसरून बसल्या.

संध्याकाळी तसबिरींपुढे मेणबत्ती लागली. त्या घरात वंदना बसून होत नसे. हा नियमही रुक्माबाईंचाच. त्यांना उभे राहावे लागले. हात जोडलेले, नजर तथागतांवर, आणि सारे लक्ष पाठीमागच्या सोफ्यावर.

वंदना संपली. दुर्गाबाई वळणार, तोच रीना पुढे झाली आणि थेट सासूच्या जागेवर जाऊन बसली. लग्न होऊन आल्यापासून ती तेथे कधी टेकलीदेखील नव्हती.

"वयनी, सून तुया जागेवर बसली," दुर्गाबाई थंडपणे म्हणाल्या. "आमच्याकडं असं चालत नाही."

रुक्माबाईंनी सुनेकडे पाहिले. सुनेने पदर नीट केला, पण ती हलली नाही.

"तिचीच जागा होय ते," रुक्माबाई एकेक शब्द तोलून म्हणाल्या. "कव्हर तिनं आनलं. त्याचं धुणं बी आता तिच्याच हाती."

"मंग आई, चहा?" रीनाने अत्यंत नम्रपणे विचारले.

रुक्माबाई ताठ मानेने स्वयंपाकघरात गेल्या. आधण ठेवतात न ठेवतात, तोच मागून गोड आवाज आला.

"साखर कमी टाका, आई. आत्याबाईले शुगर आहे."