पाण्यात किती वेळ

आयोनीने तुरीची शेंग अशी काही पिळली की दाणे टोपल्यात न पडता प्रार्थनाघराच्या सिमेंटवर उडाले. समोर बसलेली ट्रेसॅन बोलतच राहिली.

"तर शनिवारी दुपारी तुम्ही सगळे येणार. राहणं-जेवण आमच्याकडे. रविवारी दहा वाजता बाप्तिस्मा. त्याआधी नको, हॉटेलचे पाहुणे उशिरा उठतात."

ट्रेसॅन ही पास्टर गिलिंग्ज यांची भाची. टॉलो बेच्या हॉटेलात 'स्थानिक अनुभव' नावाचे एक खाते होते, त्याची ती प्रमुख होती. किनारे बळकावण्याच्या अनेक रीती इतिहासाने नोंदवून ठेवल्या आहेत. त्यांतली सौजन्याची रीत सर्वांत अलीकडची आणि सर्वांत स्वच्छ. टॉलो बेच्या कोळ्यांची वस्ती उचलून डोंगरावर मिझपाला नेली, तेव्हा कोणावर हात उगारला गेला नव्हता. नवी घरे दिली, नळ दिले, भाषणे झाली. मग खाडीभोवती भिंत उभी राहिली आणि तिच्यावर बोगनवेल चढवण्यात आली. आता त्याच माणसांना त्यांच्याच गावात दोन दिवसांच्या सुटीचे आमंत्रण आले होते, आणि सुटीचा आराखडा ठरवण्यासाठी प्रार्थनाघराच्या मंडळीची समिती बसली होती.

"जेवणात काय?" मंडळीची बस चालवणाऱ्या क्लोव्हिसने विचारले. "मासा आणि बामीची भाकरी असेल तर मी आत्ताच गाडी काढतो."

"मासे आहेत की."

"कुठले?" झेफने विचारले. तो आयोनीचा नवरा. टॉलो बेचे पाणी त्याच्याइतके कोणी पालथे घातले नव्हते.

"बाहेरून येतात, झेफकाका. गोठवलेले. दर्जाचा प्रश्न असतो ना."

झेफने मान डोलावली, जणू त्याला एखादी नवी विद्या शिकायला मिळाली होती. क्लोव्हिस खोकल्यासारखे हसला.

आयोनीला हसू आले नाही. हा बाप्तिस्मा झेफचा होता. लग्न झाल्यापासून ती त्याच्यासाठी प्रार्थना करत आली होती, आणि लग्न झाल्यापासून तो रविवारी सकाळी जाळी शिवत आला होता. सुगीच्या दिवसांत तो अचानक प्रार्थनाघराच्या मधल्या वाटेवर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, मला पाण्यात घ्या, पण टॉलो बेच्या. ती इतकी रडली होती की बायकांना तिला धरून बसवावे लागले. त्या रडण्याचा आता तमाशा होणार होता.

"डफ असू द्या हं," ट्रेसॅन म्हणाली. "पाहुण्यांना डफ फार आवडतो. पांढरे कपडे आम्ही देऊ, सगळ्यांचे सारखे. आणि मामा, एक विचारायचं होतं. ढग आले आणि फोटो नीट आले नाहीत, तर चारच्या सुमाराला परत करता येईल? म्हणजे, काकांना दोनदा बुडवता येईल का?"

पास्टर गिलिंग्ज यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. काचा आधीच स्वच्छ होत्या.

"पोरी," आयोनी म्हणाली, "तुझा बाप्तिस्मा याच मामाने त्याच खाडीत केला. मी तुझं डोकं पुसलं होतं. तेव्हा कोणी तिकीट काढून बघायला उभं होतं का?"

"आंटी, हे नाही केलं तर फाटकच उघडणार नाही. मी किती भांडून मिळवलंय, तुम्हाला काय माहीत! मंडळीशिवाय गावातल्या कोणालाच आत सोडत नाहीत."

"मग नको उघडू दे. झेफला आम्ही डोंगराखालच्या ओढ्यात बुडवू. देवाला पाण्याची चव लागत नाही."

"ओढ्यात नको," झेफ म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो मात्र ट्रेसॅनकडे बघत होता.

"पहारेकरी पाण्यातही उतरतात का गं?"

"नाही काका, ते वाळूवरच."

"आणि मी जाळं टाकायचो तो आतला खडक आहे अजून? की तोही उचलला?"

"आहे ना. पाहुण्यांची तिथवर जायची हिंमत होत नाही."

"हं," झेफ म्हणाला. त्या एवढ्याशा हुंकारात त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तो आयोनीने प्रार्थनेच्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर कधीच पाहिला नव्हता.

ती शेंगा सोलायची थांबली. सुगीच्या आधी तो फाटकावर गेला होता आणि पहारेकऱ्याने त्याला परत पाठवले होते. पुढच्या आठवड्यात मंडळीतल्या एका कुटुंबाच्या बाप्तिस्म्यासाठी फाटक उघडले. त्याच्या पुढच्या रविवारी झेफ मधल्या वाटेवर उभा होता.

"झेफ," ती खालच्या आवाजात म्हणाली, "तू प्रभूसाठी येतोयस की त्या खडकासाठी?"

झेफने टोपल्यातली एक शेंग उचलली आणि बोटांत फिरवत राहिला.

"तुझा प्रभू पहिल्यांदा कोळ्यांकडेच गेला होता ना, आयो? किनाऱ्यावर? आज आला असता तर त्यालाही फाटकावरूनच परत पाठवला असता."

क्लोव्हिसने बसच्या किल्ल्या खिशात घातल्या, काढल्या, परत घातल्या. एवढ्या वर्षांच्या प्रार्थनांची ही फसवणूक नवऱ्याच्या तोंडावर फेकावी, टोपलेही फेकावे, असे आयोनीला वाटले. झेफ मान खाली घालून वाट पाहत होता. त्याच्या हातांवरचे मिठाचे जुने चट्टे डोंगरावर आल्यापासून मिटत चालले होते. हे तिला आजच दिसले.

ट्रेसॅनने घड्याळ पाहिले. "मग काय ठरलं? एका माणसाला किती वेळ लागतो?"

"फार तर पाच—" पास्टर म्हणू लागले.

"अख्खी सकाळ," आयोनी म्हणाली.

"काय?"

"आधी माणसाला एकट्याला पाण्यात सोडायचं असतं. पार आतल्या खडकापर्यंत. पश्चात्तापासाठी. तो आपणहून परत येईल तेव्हाच पास्टर पाण्यात उतरतात. हाक मारायची नसते."

पास्टर गिलिंग्ज यांनी आयुष्य शास्त्र वाचण्यात घालवले होते. हे वचन त्यांच्या वाचनात कधीच आले नव्हते. त्यांनी आयोनीकडे पाहिले, मग झेफकडे. चष्मा डोळ्यांवर चढवला.

"आमच्या मंडळीत तशी पद्धत आहे," ते म्हणाले.

"अरे वा!" ट्रेसॅन खूश झाली. "हे तर पाहुण्यांना खूपच आवडेल."

"पाहुण्यांना सांग, तेवढा वेळ खाडीकडे पाठ करून उभं राहायचं. तीही पद्धतच आहे."

झेफ तिच्याकडे पाहत होता. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. तुरीचे टोपले तिने पायाने त्याच्यापुढे ढकलले.

"हात चालव," ती म्हणाली.