सात नंबरचा डावा पंख

मिस्त्रीने लेकीला सगळं सांगितलं ते जेवताना सांगितलं, आणि हेच त्याला शेवटपर्यंत डाचत राहिलं. कचेरीत बसवून, समोर कागद ठेवून विचारलं असतं तर तो एक शब्द बोलला नसता. पण समोर लेक होती, मधे भाजीचं भांडं होतं, बायको वाढत होती, आणि अशा वेळी माणूस सावध राहत नाही. आपल्याच घरात सावध राहायचं तर घर बांधायचं कशाला?

त्याचं खरं नाव हँगरात फारसं कुणाला आठवत नसे. लढाऊ विमानांची देखभाल करता करता केस पांढरे झाले आणि तो सगळ्यांचा मिस्त्री होऊन बसला. विमानं बरीच होती, पण त्याचा जीव अडकला होता सात नंबरात. लग्न झालं त्याच वर्षी ते त्याच्या हाताखाली आलं, लेक त्यानंतर झाली. बायको म्हणायची, थोरलं लेकरू हँगरात आहे, हे धाकटं. म्हणून एकुलती एक असूनही लेकीचं नाव बारकी पडलं ते पडलंच.

उड्डाणाआधी त्यांच्यात एक रीत होती. पायलट शिडी चढून आत बसला, पट्टे आवळले, की खाली मिस्त्रीकडे बघून विचारायचा, "ठीक आहे?" मिस्त्री लाकडी हातोडीने पंखावर हलके टोले द्यायचा, कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "ठीक आहे." मग शिडी निघायची. सह्या आधीच झालेल्या असत, तपासण्याही झालेल्या असत, पण त्या दोन शब्दांशिवाय कुणी इंजिन सुरू करत नसे. हवाई तळाचे मोठे साहेबसुद्धा तरुणपणी सात नंबर उडवायचे तेव्हा याच शब्दांवर आभाळात जायचे.

विमानं आता थकली होती, हे मिस्त्रीही नाकारत नव्हता. लोकांना वाटतं, जुनं विमान काढतात ते गंजलं म्हणून, नाहीतर नव्याची हौस म्हणून. तसं नसतं. दर उड्डाणात पंख वाकतो आणि पुन्हा सरळ होतो, आणि धातू हे विसरत नाही. तार वाकवून वाकवून तोडतात, तोच न्याय. शिवाय ही विमानं बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता. एखादा भाग हवा असला की दुसऱ्या विमानाचा काढायचा. हँगरच्या टोकाला बारा नंबर उभं होतं, ते असंच ओरबाडलं गेलं होतं. चाकं गेली, काचा गेल्या, शेवटी पायलटची खुर्चीही गेली. थोडा वेळ उडवायचं तर आठवडाभर झटायचं, आणि एवढं करून वर गेल्यावर शत्रूला ते आधी दिसणार, त्याला शत्रू मागाहून. असलं विमान नव्या पोरांच्या हाती द्यावं का, असा प्रश्न वरच्यांना पडला तर त्यात त्यांचं काय चुकलं? पण प्रश्न पडणं वेगळं आणि आपल्या लेकरावर बोट ठेवणं वेगळं.

समिती बसली. विमानं आत्ताच निवृत्त करायची की आणखी तीन वर्षं चालवायची, हे तिने ठरवायचं होतं. तीन वर्षांनी मिस्त्रीचीही नोकरी संपत होती, आणि त्याने मनातल्या मनात दोघांचा निरोप एकाच दिवशी ठरवून टाकला होता. साहेबांनी त्याला शब्दही दिला होता की शेवटचं उड्डाण सात नंबरच करेल आणि मग फाटकापाशी चबुतऱ्यावर अखंड उभं राहील. म्हातारपणी येता-जाता ते दिसावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

त्या समितीत बारकी होती. विमानाचा सांगाडा तपासणारी इंजिनिअर, वयाने सगळ्यांत लहान. मिस्त्रीची छाती फुगली. लहानपणी तिला उचलून त्यानेच या पंखाला कान लावायला शिकवलं होतं. खणखणीत वाजला तर धडधाकट, भद्द वाजला तर आजारी, हे तिचं पहिलं शिक्षण. आता ती हँगरात आली की बापाकडे न बघता निघून जायची, कामाच्या जागी नातं नको म्हणून, आणि मिस्त्रीला त्याचंही कौतुक. तारांचं काम बघणारा चष्मेवाला, ज्याच्या जिभेला हाड नव्हतं, तो म्हणायचा की आता काय, न्यायाधीश घरचाच. मिस्त्री त्याला गप्प करायचा. मनातून त्यालाही तसंच वाटत होतं.

समितीचं काम संपत आलं तशी बारकी एका सुट्टीच्या दिवशी घरी जेवायला आली. कामाचं काही बोलायचं नाही, असं तिने आल्या आल्याच बजावलं. बोलायचं नाही म्हटलं की माणसाला नेमकं तेवढंच सुचतं. मिस्त्रीने जुने किस्से काढले, आणि रंगात येऊन शेवटी पंखाचा किस्सा काढला. युद्ध होणार की काय अशी हवा होती तेव्हा उतरताना सात नंबरचा डावा पंख घासला गेला होता आणि सगळी विमानं ताबडतोब तयार हवी होती. मिस्त्रीने आणि त्याच्या दोन सोबत्यांनी बारा नंबरचा पंख उतरवून साताला चढवला. नोंद सवडीने करू म्हणाले. धामधूम ओसरली, एक सोबती वारला, दुसरा नोकरी सोडून दूर निघून गेला, आणि नोंद राहिली ती राहिलीच.

"अंग साताचं, पंख बाराचा," मिस्त्री हसत म्हणाला. "कुणाला पत्ता नाही. आणि उडतंय बघ कसं."

बारकीचा हात ताटातच थांबला. बारा नंबर तोवर किती उडलं होतं, असं तिने विचारलं. सगळ्यांत जास्त, तेच तर पहिलं आलं होतं, मिस्त्रीने सांगितलं. आणि पंखाचं आयुष्य मोजतात ते विमानाच्या अंगावरच्या नंबराने ना? हो, त्यानेच. अशी अदलाबदल आणखी कुठे झाली असेल का? झाली असेल की, त्या दिवसांत कोण कुणाला विचारत होतं. ती विचारत गेली, तो सांगत गेला. लेक इतकं मन लावून ऐकते, बापाला आणखी काय हवं?

"पोरगी जेवायला आलीय की चौकशीला?" बायको म्हणाली. बारकी पानात भाजी तशीच टाकून उठली.

पुढच्याच आठवड्यात सगळ्यांना हँगरात जमवलं. समितीचे प्रमुख वाचून दाखवत होते आणि आवाज पत्र्याच्या छताखाली घुमत होता. विमानांच्या आयुष्याची मोजणी आता भरवशाची राहिलेली नाही, असं ते म्हणाले. सात नंबरचा डावा पंख मूळचा नाही, तो बारा नंबरचा आहे आणि केव्हाच बाद व्हायला हवा होता. असे आणखी किती पंख असतील ते सांगता येत नाही, म्हणून आजपासून एकही विमान उडणार नाही. सात नंबर चबुतऱ्यावरही जाणार नाही. ते सुटं करून तपासायचं.

ही गोष्ट ठाऊक असलेला हँगरात एकच माणूस होता, मिस्त्री स्वतः, आणि त्याच्या तोंडून ती ऐकणारी समोर खुर्चीत बसली होती. त्याने तिच्याकडे बघितलं. बारकी जमिनीकडे बघत होती. उघड्यावर कुणी लुटलं असतं तर त्याने आरडाओरडा केला असता, पण हिने घरात बसवून, खाल्ल्या घासाला साक्ष ठेवून त्याला लुटलं होतं. असं त्याला वाटलं, आणि पुढे कितीतरी दिवस दुसरं काही वाटलं नाही.

हँगरातली माणसं आता पांगणार होती, कुणाची बदली, कुणाला घरी बसायचं. चष्मेवाल्याने एकदाच, पाठ फिरवून, घरभेदी हा शब्द उच्चारला. तो बापासाठी होता की लेकीसाठी, हे मिस्त्रीने विचारलं नाही. साहेबांनी त्याला खोलीत बोलावलं तेव्हा आपण दोघंही फसवले गेलो असं काहीतरी ते म्हणतील, या आशेने तो गेला.

"तुमच्या 'ठीक आहे'वर मी उडत होतो, मिस्त्री," साहेब म्हणाले. "पंख बदलल्यानंतरही."

त्यांनी बसायलाही सांगितलं नाही. मिस्त्री आला तसा परत फिरला. बारकीचा त्याला राग होताच, आता त्या रागाखाली लाज येऊन बसली, आणि लाज आली की राग दुप्पट होतो.

पंख उतरवायला त्यालाच बोलवावं लागलं, कारण बोल्ट कसे बसवलेत ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. त्याने स्वतःच्या हाताने एकेक बोल्ट काढला. पंख लाकडी घोड्यांवर, त्या उंच टेकूंवर, उतरला. बारकीने पंखाच्या बुडाशी, अंगाला जोडतो तिथे, लाल द्रव लावला, थोडं थांबून पुसला, वर पांढरी पूड मारली. भेग असली की आत मुरलेला लाल रंग पुडीतून वर येतो. बोल्टच्या भोकापासून एक लाल रेघ निघाली आणि बोटभर पुढे गेली. बाकीचे लोक जवळ येऊन बघून गेले आणि बाप-लेक तेवढी पंखापाशी राहिली.

मिस्त्रीने खिशातून हातोडी काढली आणि रेघेशेजारी टोला दिला. पंख खणखणीत वाजला. त्याने पुन्हा मारला, कान जवळ नेला. तोच आवाज, इतकी वर्षं येत होता तोच. एवढ्या जाड धातूतली भेग असल्या टोल्याला बोलत नाही, हे त्याला आज कळत होतं. ज्या थोरल्या लेकरासाठी तो धाकटीशी वैर धरून बसला होता, ते त्याच्या तोंडावर खोटं बोलत आलं होतं.

"बाबा," बारकी हळूच म्हणाली.

"बोला, मॅडम."

तिने पुसायचा फडका खाली ठेवला. मग तोच म्हणाला, "जेवायला आलात त्या दिवशी कोण म्हणून आला होतात?"

"लेक म्हणूनच आले होते. पंखाचं कळलं, आणि मग न विचारता उठून जाता आलं नाही."

"तेव्हाच सांगायचं होतं मला, की बाबा, हे मला वर सांगावं लागेल. एवढं एक वाक्य."

"सांगितलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी समितीने तुम्हाला बोलावून विचारलं असतं, पंख मूळचा आहे का, तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

मिस्त्रीने हातोडी खिशात घातली. त्याला उत्तर ठाऊक होतं. मूळचा आहे, तो म्हणाला असता. ठीक आहे, म्हणाला असता. आणि मग कुणाच्या तरी पोराने वर बसून पट्टे आवळले असते आणि त्याने शिडी काढली असती. हे तिलाही ठाऊक होतं, म्हणून तर तिने त्याला विचारलं नव्हतं. आपल्या बापाला ती इतकी ओळखून होती, हे त्याला भेगेपेक्षाही जास्त लागलं.

"तरी सांगायचं होतंस," तो म्हणाला, आणि घोड्यांखालचे बोल्ट गोळा करायला वाकला.

फाटकापाशी चबुतऱ्यावर पुढे दुसरंच एक विमान उभं राहिलं. मिस्त्री तीन वर्षं आधीच घरी बसला. बारकी सुट्टीला यायची, आईला मदत करायची, बापाच्या पानात आधी वाढायची. तिघं जेवायला बसायची, पण विमानाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. जेवताना ती एवढंच विचारायची की बाबा, भाजीत मीठ ठीक आहे ना, आणि मिस्त्री ठीक आहे म्हणायचा, नसलं तरी.