ओडेसाच्या तिसऱ्या तारेचा स्वर

१९८७ साल होतं, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. ओडेसा प्रूट जाऊन दोन महिने झाले होते, तरी टेनेसीतल्या प्रत्येक रेडिओवर अजून तिचीच गाणी चालू होती. किराणा दुकानात बायका हातात भोपळा धरून तिचं गाणं संपेपर्यंत तशाच उभ्या राहायच्या. गाण्यासाठी कुणी असं थांबायचं, ते दिवस वेगळेच होते.

ऑर्लीन हॅचरला मात्र त्या गाण्यांत शब्दांच्या आधी तारा ऐकू यायच्या. एकोणीस वर्षं ती ओडेसाबरोबर गावोगाव हिंडली होती. काम एकच. ओडेसा एक गाणं म्हणत असताना पडद्याआड बसून पुढच्या गाण्याची गिटार लावायची आणि टाळ्या विरायच्या आत तिच्या हातात द्यायची. ओडेसा चार लोकांसारख्या तारा लावतच नसे. लहानपणी कपडे पिळायच्या यंत्रात तिच्या डाव्या हाताची दोन बोटं चिरडली होती. त्या हाताला नेहमीचे सूर दाबता येईनात, म्हणून तिने ताराच आपल्या बोटांच्या सोयीने चढवल्या-उतरवल्या. अशा एकतीस तऱ्हा होत्या आणि प्रत्येकीला तिने नाव दिलं होतं. एक 'पुलाखालची', एक 'रविवारची', एक 'बर्थाच्या शेळीची'. सगळ्या ऑर्लीनच्या निळ्या वहीत लिहिलेल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी ऑर्लीनचा उजवा कान गेला, तेव्हा तिने काम सोडलं. त्यानंतर ओडेसाने एकच गाणं केलं. ते कुठे ध्वनिमुद्रित झालं नाही, आणि त्याच्या तारा वहीत नव्हत्या.

ते गाणं येत्या रविवारी ओडेसाची मुलगी टेस म्हणणार होती. नॅशव्हिलच्या संग्रहालयात ओडेसाच्या नावाची खोली उघडायची होती आणि त्या निमित्ताने कार्यक्रम होता. टेसने ऑर्लीनला फोन केला, "मावशी, तू आईच्या घराजवळच राहतेस. येताना तिच्या स्वयंपाकघरातली काळी गिटार घेऊन येशील?"

ऑर्लीनने शुक्रवारी सकाळी ती भिंतीवरून उतरवली. बाहेर गारठा होता, गाडीची डिकी थंडगार. तिने खिडकीशी बसून एकेक खुंटी पिळत सहाही तारा उतरवल्या. गिटार प्रवासाला निघाली की तारा उतरवायच्या, नाहीतर ताणाने गिटारची मान वाकते. हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तिचे हात ते काम करत होते आणि ती मनात बीन्स भिजत घालायचा विचार करत होती.

दुपारी संग्रहालयाच्या मागच्या खोलीत टेसने गिटार मांडीवर घेतली. डोळे मिटून बोटं तारांवर ठेवली आणि हात फिरवला. पत्र्यावर खिळे पडल्यासारखा आवाज आला.

टेसने डोळे उघडले. "हे काय?"

"थांब, लावते ना," ऑर्लीन वही काढत म्हणाली. "कुठली हवी? शेवटच्या गाण्याला कुठली वापरायची ती?"

"ही! ह्या गिटारवर होती ती! आईने लावून भिंतीला टांगली होती. मला म्हणाली, खुंट्यांना हात लावू नकोस, बोटं कुठे ठेवायची तेवढं शीक, बाकी गिटार सांगेल." टेसचा चेहरा पांढरा पडला होता. मग तिने स्वतःलाच समजावलं, "जुन्या खुंट्या आहेत. रस्त्यात सैल पडल्या असतील. हो ना?"

संग्रहालयाचा लीलंड स्पायव्ही, कायम गळ्यात चष्मा अडकवलेला सज्जन माणूस, लगेच म्हणाला, "हवामानाने होतं असं."

ऑर्लीनला नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एकोणीस वर्षांत तिने एकदाही चुकीची गिटार हातात दिली नव्हती, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"सैल पडल्या नाहीत," ती म्हणाली. "मी उतरवल्या."

टेसने गिटार मांडीवरून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मीच सांगायला हवं होतं. पण तुला काय सांगायचं असतं, मावशी? तुला तर सगळं माहीत."

ते शेवटचं वाक्य ऑर्लीनला थपडेसारखं लागलं.

शनिवारी सकाळी दोघी ऑर्लीनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. टेसला गाण्याची चाल येत होती, बोटंही येत होती. ऑर्लीन एकेक तार चढवायची, टेस बोटं ठेवून वाजवायची आणि दोघी मान हलवायच्या. अकरापर्यंत पाच तारा जागेवर बसल्या. सहावी, पाचवी, चौथी, दुसरी, पहिली. तिसरी बसेना. खाली लावली की गाणं रडायचं. अर्धा स्वर वर नेली की रडायचंही नाही आणि हसायचंही नाही, दाराशी येऊन आत यावं की नको म्हणून थबकलेल्या पाहुण्यासारखं वाटायचं.

"खालचीच," टेस म्हणाली. "हे शिकवलं त्या दिवशी आई रडत होती."

"अगं, ओडेसा रडत असली की गाणं कधी रडवायची नाही. वरची असेल."

"नक्की?"

"नक्की," ऑर्लीन म्हणाली. पुन्हा खालची लावून डावा कान गिटारला टेकवला. "नाही गं. थांब. आता ही खरी वाटते."

"तू मघाशी 'नक्की' म्हणालीस!"

"मघाशी होतंच नक्की."

ऑर्लीनचा नवरा बर्ल चुलीवरची कॉर्नब्रेड काढत होता. "मला विचाराल तर दोन्ही आपल्या गोठ्याच्या फाटकासारख्या वाजतात," तो म्हणाला.

"तुला कोण विचारतंय? तू बीन्स बघ."

"ओडेसा असती तर मला विचारलं असतं. म्हणायची, बर्लला आवडलं की समजायचं गाणं बिघडलं."

तिघंही हसले. हसता हसता टेसच्या डोळ्यांना पाणी आलं. तिने गिटार ऑर्लीनकडे सरकवली. "मला आता काहीच कळत नाही. इतक्यांदा ऐकलं की आईचं कुठलं आणि आपलं कुठलं, सगळं एक झालंय. उद्या तू लावून दे. आईला द्यायचीस तशी. मी वाजवीन."

त्यानंतर लीलंडचा फोन आला. काळी गिटार ठेवायच्या काचेच्या कपाटावरची पाटी छापायला द्यायची होती. 'शेवटच्या गाण्याच्या तारा' ह्यापुढे काय लिहू, असं तो विचारत होता.

"सोमवारी सांगते," ऑर्लीन म्हणाली.

रविवारी दुपारी सभागृह भरून गेलं. बाहेर हिरवळीवरही लोक होते. ऑर्लीन पडद्याआड स्टुलावर बसली. समोर टेस आईची जुनी गाणी म्हणत होती आणि ऑर्लीनच्या मांडीवर काळी गिटार होती. तिने तिसरी तार खाली लावली, वर नेली, पुन्हा खाली आणली. ओडेसाचा चेहरा आठवून पाहिला, तर तोही धड आठवेना. आठवत होते ते फक्त हात, टाळ्यांमध्ये गिटारसाठी मागे आलेले. टाळ्या सुरू झाल्या. टेसने मागे न बघता हात मागे केला, अगदी आईसारखा. ऑर्लीनच्या बोटांनी खुंटी अर्धी पिळून तार वर नेली आणि गिटार पुढे केली.

पहिल्या कडव्याला टेस अडखळली. क्षणभर वळून तिने पडद्याकडे पाहिलं. ओळख पटल्यासारखं पाहिलं की फसवल्यासारखं, हे ऑर्लीनला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कधी नाही. मग टेस गात गेली. पुढच्या रांगेतला एक पोलीस टोपी काढून छातीशी धरून बसला होता.

नंतर मागच्या खोलीत ऑर्लीनने विचारलं, "बरोबर होती का गं?"

"माहीत नाही, मावशी," टेस म्हणाली. "मी आता आईला आठवलं ना, तर तीसुद्धा हेच वाजवताना दिसते. आधीचं गेलं."

सोमवारी ऑर्लीनने लीलंडला सहा स्वर सांगितले. त्याने ते जसेच्या तसे छापले.

पुढे टेसने ते गाणं ध्वनिमुद्रित केलं. ती आता ओरेगॉनला असते, शाळेत संगीत शिकवते, आणि तिच्या केसांत पांढरं आलंय. लीलंड निवृत्त झाला. जाताना तो गळ्यातला चष्मा संग्रहालयातच विसरला, असं सांगतात. बर्ल एक्याण्णव साली गेला. शेवटपर्यंत ते गाणं लागलं की म्हणायचा, फाटकाला तेल घाला. देशभरातली कॉलेजची मुलं पाटीवरून तारा लावून ते गाणं शिकली. त्या तऱ्हेला आता सगळे 'ओडेसाची' म्हणतात.

ऑर्लीन दोन हजार दोनमध्ये गेली. तिच्या निळ्या वहीत शेवटच्या पानावर पेन्सिलीने सहा स्वर लिहिलेले आहेत. तिसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह आहे, एकदा खोडून पुन्हा काढलेलं. वहीही काळ्या गिटारशेजारी त्याच कपाटात ठेवली आहे, पण पहिल्या पानावर उघडून. गिटारच्या तारा उतरवलेल्या आहेत. मान वाकू नये म्हणून.