दारात उभा असलेला माणूस

पाद्री आमच्या वस्तीत खोली घेऊन राहायला आला, तेव्हा आम्ही त्याला चार हात लांबच ठेवलं. माणूस तसा निरुपद्रवी. भेटेल त्याला "बरंय ना?" विचारायचा आणि समोरचा खरंच सांगायला लागला, तर खरंच ऐकत उभा राहायचा. पोरांनी त्याचं नाव ठेवलं बरंयनाबाबा. आमची इनमीन वीस-पंचवीस घरं, सगळी वेताच्या खुर्च्या विणणारी, सगळी एकमेकांची सोयरी. संध्याकाळी तो ओट्यावर पेटी घेऊन येशूची गाणी म्हणायचा. गाण्यांना गर्दी व्हायची. बोलायला लागला की एकेकाला घरचं काम आठवायचं.

त्या थंडीत माझे मोठे दीर गेले. छातीत कळ आली, वेताची पट्टी हातातच राहिली आणि खुर्चीची बैठक अर्धी विणलेली राहिली.

आमच्यात अशी समजूत आहे, की ज्याचं काम अर्धं राहिलं तो मेल्यावरही जात नाही, दारात उभा राहतो. ते काम परक्या रक्ताच्या माणसानं मजुरी न घेता पुरं करायचं. घरच्यांनी हात लावायचा नाही, विणताना त्याला शब्दानंही सांगायचं नाही. तोवर बायकोनं जमिनीवरच बसायचं, खाट-खुर्ची बंद. म्हणून तर आमच्याकडे कुणाला बरं वाटेनासं झालं की तो आधी हातातली खुर्ची संपवतो आणि मग डॉक्टरकडे जातो. पूर्वी ओढ्यापलीकडचे टोपलीवाले आमची ही नड भागवायचे. ते कारखान्यात लागले, आणि विणणारा परका माणूस उरलाच नाही.

जाऊबाईंचे गुडघे आधीच कामातून गेलेले. उठताना त्या भिंत धरायच्या आणि मी तोंड फिरवायची, मला ते बघवत नसे. पण त्यांना गुडघ्यांचं काही नव्हतं.

"जन्मभर बसून काम केलं गं त्यांनी," त्या मला म्हणायच्या. "उभं राहायची सवय नाही. पाय भरून आले असतील."



एके दिवशी पाद्र्यानं नेहमीसारखं "बरंय ना?" विचारलं आणि जाऊबाईंनी पहिल्यांदाच "नाही" म्हणून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो आमच्या मामंजींपुढे हजर. मामंजी म्हणजे माझे सासरे, वस्तीत त्यांचा शब्द शेवटचा, आणि गेलेला मुलगा त्यांचाच.

"मला विणायला शिकवा," पाद्री म्हणाला.

"आणि मग वस्ती बाटवा," मामंजी म्हणाले. "फुकट कोण काय करतं? शिका खुशाल. पण ती खुर्ची पुरी होईपर्यंत तुमच्या देवाचं अवाक्षर काढायचं नाही."

"गाणी?"

"गाणीही नाहीत."

ज्या कामासाठी पाद्री घरदार सोडून आला, तेच त्याला बंद करायला सांगत होते. तरी म्हणाला, "बरं." पेटी कापडात गुंडाळून फडताळात गेली.

शिकवणं माझ्या गळ्यात पडलं. मोडक्या खुर्च्यांवर सुरुवात केली. विद्यार्थी मठ्ठ होता, हे आधीच सांगते. उभ्या-आडव्या पट्ट्या जमल्या, तिरप्या आल्या की गाडी अडायची. पट्ट्या भिजवायला विसरायचा, मग त्या तडातड तुटायच्या. बोटं कापून घ्यायचा, चिंधी बांधायचा, पुन्हा बसायचा. मी इतकं टाकून बोलायची, की दुसरा कुणी असता तर खुर्ची माझ्या डोक्यात घातली असती. तो म्हणायचा, "पुन्हा दाखवा."

मध्येच त्याचे वरिष्ठ, मोठे पाद्री, चौकशीला आले. मी पट्ट्या भिजवत होते, सगळं ऐकलं.

"इतक्या दिवसांत किती जण आले आपल्याकडे?"

"कुणीच नाही."

"मग इथे करता काय?"

"खुर्ची विणतोय."

"मेलेला माणूस दारात उभा राहतो, हे तुम्ही मानता?"

"नाही मानत. पण त्या बाई मानतात, आणि त्यांना रोज तो दिसतो."

मोठे पाद्री आल्या वाटेनं परत गेले. मला त्या दिवशी आमच्या मठ्ठ विद्यार्थ्याचा फार अभिमान वाटला. त्याला अर्थात सांगितलं नाही, शेफारला असता.

मग एकदाची खरी खुर्ची अंगणात आली. सगळी वस्ती भोवती बसली आणि सगळ्यांची तोंडं शिवलेली. पाद्री दिरांच्या अर्ध्या विणीवरून पुढे निघाला. उभं, आडवं नीट झालं. तिरप्या पट्टीला चुकला. वर जायची ती खाली घातली आणि तसाच पुढे जात राहिला. विणकरांची अख्खी वस्ती ते बघत होती आणि बोलायची सोय नाही. कुणी मान खाली घातली, कुणी ओठ चावले. मी खाकरणार तोच मामंजींनी असं पाहिलं, की खोकला घशातच विरला.

शेवटची पट्टी उरली. तेव्हा त्यानं बैठकीवरून हात फिरवला. दिरांची वीण, मग आपली, पुन्हा दिरांची. त्याची बोटं थांबली. दिवस कलला होता. तेवढी चूक खपून गेली असती, खुर्चीही पडली नसती. त्यानं पट्टी कापली, आपलं सगळं तिरपं काम उसवलं, नव्या पट्ट्या भिजत घातल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मामंजींनी डोळ्यांना उपरणं लावलं.

काम पुरं झालं तसा पाद्री बाजूला सरला. जाऊबाई भिंत धरून उठल्या, खुर्चीत बसल्या. वेत करकरला आणि स्थिर झाला. बराच वेळ त्या दाराकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "गेले."

पाद्री आपल्या कापलेल्या बोटांकडे बघत उभा होता. आता बोलायला मोकळा होता, पण एक शब्द काढेना. शेवटी जाऊबाईंनीच विचारलं, "बाबा, तुमचा देव मेला म्हणता. त्याचं काही काम अर्धं राहिलं होतं का?"

तो म्हणाला, "त्याचं पुरं झालं होतं, ताई. आमचं राहिलंय."

जाऊबाईंनी मला हाक मारली. "यांना बसायला दे गं. केव्हाचे उभे आहेत. मला ऐकायचंय."

मी खुर्ची आणली. घरी कुणीच गेलं नाही.