काचेवरच्या तीन रेघा

मी एक जुना, पाठीमागे पोट असलेला टीव्ही आहे. जळकोटच्या एका घरात कोपऱ्यात पडून असतो. मित्रांनो, आता बोलायचंही जिवावर येतं, पण एवढं सांगून टाकतो.

किराणा दुकानदार वीरण्णांनी मला लातूरहून आणलं. एसटीत खिडकीजवळची जागा मला दिली आणि स्वतः जळकोटपर्यंत उभे राहिले. संध्याकाळी मालिकेच्या वेळेला अर्धी गल्ली माझ्यासमोर बसायची. वीज गेली की सगळे मलाच बोल लावायचे. तेही मला आवडायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, वीरण्णा दुकानातल्या तागडीची पूजा करत आणि उरलेली ओली विभूती तीन बोटांनी माझ्या काचेवर ओढत. मग कित्येक दिवस बातम्या देणाऱ्या बाईंच्या कपाळावर विभूती दिसायची. पोरं हसून लोळायची.

पुढे घरात इंटरनेट आलं. मुलगा अमरेश, सून, नात मंजुश्री, सगळ्यांच्या हातात मोबाइल. ज्याला जे हवं ते तो हवं तेव्हा पाहू लागला. वेळ धरून माझ्यासमोर बसणारे वीरण्णा आणि त्यांची बायको शांतम्मा दोघेच उरले.

दोन वर्षांपूर्वी खंडेनवमी झाली आणि पंधरा दिवसांत वीरण्णा गेले. त्यानंतर मला कुणी सुरू केलं नाही. शांतम्मा रोज माझ्यावरची धूळ झटकत, पण काचेला हात लावत नसत. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात भिंतीवर मोठा स्मार्ट टीव्ही लागला. मला विकायचं म्हणून अमरेश माझा फोटो काढायला आला. फोटो चांगला यावा म्हणून त्याने आधी ओल्या फडक्याने काच लख्ख पुसली.

शांतम्मा दारातच थांबल्या.

"पुसलास का रे?"

"हाव अव्वा. लई डाग हुते."

"डाग न्हाईत रे. तुझ्या अप्पांची बोटं हुती ती."

अमरेश फडकं बाजूला ठेवून आत गेला. मग देवघरातून विभूती कालवून घेऊन आला.

"अव्वा, मी वढू का?"

"वढ. पण ही तुझी बोटं हायत, बाबा."

मला विकणं राहून गेलं. त्याचा आनंद मानायचं बळही आता माझ्यात नाही.

मित्रांनो, भिंतीवरच्या त्या नव्या टीव्हीवर निघून गेलेला कार्यक्रम मागे नेऊन पुन्हा पाहता येतो म्हणे. मंजुश्री आजीला ते रोज करून दाखवते. शांतम्मा बघतात, मान हलवतात आणि माझ्याकडे वळतात. जुन्या वस्तू खुशाल काढा. फक्त ओलं फडकं फिरवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा.