मॅकअल्पिनची चौदा घरं

ग्लासगोहून अमेरिकेत येऊन मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत खिडक्यांचा कारखाना काढणारा ह्यू मॅकअल्पिन गेल्या खेपेला सिटी कौन्सिलची निवडणूक एकतीस मतांनी हरला होता. दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात तो पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी हरलो तर राजकारणाला कायमचा रामराम, असं त्याने जाहीरच करून टाकलं.

मतदानाला तीन दिवस उरले असताना तो शरयूच्या दारात हजर झाला. पंधरा वर्षांची शरयू त्याच्या प्रचाराला जायची. "शरयू, आपण जिंकलो! तुमच्या चौदा मराठी घरांत जाऊन आलो. प्रत्येक घरी चहा, चकली आणि 'नक्की, तुम्हीच!'"

शरयूने यादी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "ह्यूकाका, यातली अकरा घरं व्हिसावर आहेत. त्यांना मतच नाहीये!"

"मग कुणी बोललं का नाही?" ह्यूचा चेहरा खर्रकन उतरला.

"दारी आलेल्या पाहुण्याला 'आम्हाला मत नाही' असं कोण सांगणार? वाईट नाही का वाटणार तुम्हाला?"

सहा महिन्यांपूर्वी वर्गात हातही वर न करणाऱ्या शरयूने फोन उचलला आणि एकामागून एक अकराही घरं झोडपून काढली. "अनिलकाका, मत नाही तर नाही, गाडी आहे ना? ओळखीतले सिटिझन शोधा आणि मंगळवारी केंद्रावर नेऊन सोडा!"

मग उरलेली तीन सिटिझन घरं. त्यांत सगळ्यात चिवट निघाल्या वसुधाकाकू. सिटिझन होऊन नऊ वर्षं झालेली, मत एकदाही दिलेलं नाही.

"अगं, माझं नावच नाही यादीत. आता कुठे जमणार?"

"काकू, आपल्या मिनेसोटात मतदानाच्या दिवशीसुद्धा नाव नोंदवता येतं. मंगळवारी लायसन्स घ्या नि चला!"

"आणि माझा मंगळवारच्या उपासाचा साबुदाणा?"

"तो कुठे पळून जातोय!"

मंगळवारी केंद्राबाहेर गाड्यांची ही रांग! व्हिसावाले चालवताहेत, सिटिझन उतरताहेत, आणि पार्किंगमध्ये शरयू ट्रॅफिक पोलिसासारखी हातवारे करतेय. चौतीस जणांनी आयुष्यातलं पहिलं अमेरिकन मत दिलं.

संध्याकाळी कारखान्याच्या कँटीनमध्ये निकालाचा फोन आला. ह्यूने तो कानाला लावला, डोळे मिटले, मग मोठ्याने ओरडला, "एकोणीस! एकोणीस मतांनी जिंकलो!" त्याने शरयूला टेबलावर उभं केलं, आणि सगळं कँटीन तिच्यासाठी टाळ्या वाजवू लागलं. ती लाजली नाही. दोन्ही हात उंचावून तिने चांगली दणदणीत शिट्टी मारली.

ह्यू भाषणाला उभा राहिला. "मित्रहो..." एवढंच म्हणाला असेल नसेल, तोच कोटावर 'मी मत दिलं'चं स्टिकर मिरवत वसुधाकाकू गर्दीतून पुढे घुसल्या.

"भाषण राहू द्या हो. आमच्या बसथांब्यावर शेड नाही, हिवाळ्यात आम्ही गोठतो. कधी होणार ते सांगा. मी मत दिलंय तुम्हाला!"

शरयूने ते इंग्रजीत भाषांतर करून सांगितलं, अगदी काकूंच्या ठसक्यासकट. ह्यू खदखदून हसला, आणि हातातला भाषणाचा कागद उलटा करून त्याच्या कोऱ्या पाठीवर बसथांब्याचा पत्ता लिहून घेऊ लागला.